हातचं राखून

आरशात दोघींचे हात चालू होते, आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही असा चेहरा करून डावरी केस कापत होती.

खुर्चीत आई, मागच्या बाकावर लेक. मायलेकी महिन्यातून एकदा यायच्या. पहिल्या खेपेला आईने खुणेनेच विचारलं होतं, तुम्हाला ही भाषा येते का? डावरीने चटकन नाही म्हणून मान हलवली आणि कागद-पेन्सिल पुढे केली. तेव्हापासून सगळा व्यवहार कागदावर. खांद्यापर्यंत. रंग लावू का? बाकी वेळ दोघी आरशातून एकमेकींशी खुणांनी बोलत बसायच्या, आणि डावरीला त्यातलं अक्षर न् अक्षर समजायचं.

समजणारच. ऐकू न येणाऱ्यांची दुभाषी म्हणून ती रीतसर शिकली होती, पहिल्या श्रेणीत पास झाली होती. प्रमाणपत्र घरी कपाटावर धूळ खात पडलं होतं. "हातांनी बोलायला शिकलीस आणि लोकांच्या डोक्यावरून हात फिरवत बसलीस," असं नवरा अधूनमधून चिडवायचा. "दोन्हीकडे हातच लागतात," म्हणून ती विषय मिटवायची. केस कापायला ती नंतर शिकली, मावसबहिणीच्या दुकानात. डाव्या हाताने कापते म्हणून गिऱ्हाइकांनी नाव पाडलं डावरी.

दुभाषीचं काम तिने वीसेक वर्षांपूर्वी जेमतेम वर्षभर केलं. मग एकदा हॉस्पिटलात तिला एका तरुण बाईपुढे उभं केलं. कमरेपर्यंत वेणी, अंगावर घरातलेच कपडे, तशीच धावत आलेली. तिची लहानगी मुलगी आत ऑपरेशनच्या टेबलावर होती. डॉक्टर दार अर्धं उघडून म्हणाले, "आशा ठेवू नका म्हणावं," आणि आत गेले. ते बोलून मोकळे झाले. सांगायचं हिने.

हिने सांगितलं. बाईने डोळे घट्ट मिटून घेतले. ऐकू न येणाऱ्या माणसाने डोळे मिटले की समोरच्याचं बोलणं तिथेच संपतं, धीराचे दोन शब्दसुद्धा देता येत नाहीत. डावरी जिना उतरली ती पुन्हा त्या कामाला गेली नाही. शब्द डॉक्टरांचे होते हे तिला कळत होतं. पण त्या बाईला ते दिसले होते हिच्या हातांवर, आणि त्याचं तिला आजही फार वाईट वाटायचं.

या मायलेकींचा मात्र तिला लळा लागला होता. लेक जरा चुळबुळीच होती. रेडिओ लावला की तिचा पाय हलत राहायचा. एकदा तिच्या पाठीमागे कंगव्यांची बरणी फुटली तर बाकावरून उडालीच. फरशी हादरली असेल, असं डावरीने मनाशी म्हटलं. लेकीच्या कानामागे जुन्या टाक्यांची रेघ होती. ती झाकेल एवढे केस ठेवायचे, हे आता न लिहिताच ठरून गेलं होतं. कुणाच्या डोक्यावर कसली खूण आहे, हे या धंद्यात कुणी विचारत नाही.

आज आरशातलं बोलणं वेगळं होतं.

"सोमवारी मला आत नेतील," लेकीचे हात म्हणाले. "गाठ खोल आहे. वेळ लागेल."

"मी बाहेर बसेन."

"डॉक्टर काही सांगायला आले तर?"

"तोंडाकडे बघून ओळखेन."

"तोंडाला मास्क असतो, आई."

आईचे हात मांडीवर पडले. मग सावकाश उठले. "दर वेळी माझ्याबरोबर तू असतेस गं. या वेळी मला कोण सांगणार?"

"दुभाषी मागितली होती. कुणी मोकळं नाही म्हणाले."

डावरीची कात्री एका बटेवर अडली. आपल्याला काय करायचंय, तिने स्वतःला बजावलं. एवढ्या मोठ्या गावात कुणीतरी मिळेलच. परत तेच दार, परत दाराबाहेर आई, आत लेक. आणि परत तेच सांगायची वेळ आली तर? तिने आईच्या मानेवरचे केस झटकले, झटकलेलेच पुन्हा झटकले. आरशात आईची नजर दाराकडे लागली होती. त्या दारातून जणू सोमवारच आत येणार होता.

डावरीने कात्री खाली ठेवली. रेडिओ बंद केला. खुर्चीला वळसा घालून ती आईच्या समोर उभी राहिली आणि तिने हात वर केले. शब्द आठवून आठवून जुळवावे लागत होते.

"सोमवारी मी येईन. मला येते ही भाषा. आधीच सांगायला हवं होतं, माझं चुकलं."

आई तिच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

डावरीचे हात हवेतच राहिले. इतके महिने आपण यांचं घरातलं बोलणं चोरून ऐकलं, आता या उठून जाणार, असं तिला वाटलं. माफी मागायची तरी कशी? समोरचे डोळे उघडायला तयार नव्हते.

तेवढ्यात खुर्चीमागून आवाज आला, चांगला खणखणीत.

"घाबरू नका, मावशी. आईला रडू आलं की ती डोळे मिटते. तिने तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. भाषा येत नाही असं सांगायला प्रश्न तरी कळावा लागतो ना? आणि मी तोंड उघडलं असतं तर तुमचे हात कधीच उठले नसते, म्हणून गप्प बसले." कानामागचे केस बाजूला करत लेक उठून जवळ आली. "त्या दिवशी तुम्ही जिना उतरून गेलात, आणि संध्याकाळी मी शुद्धीवर आले."