पहिल्या नंबरला

रुग्णोपयोगी आणि व्यायामाचं साहित्य विकणाऱ्या दुकानाच्या वेबसाइटसाठी सर्च इंजिन निवडताना तिच्या नाकी नऊ आले होते. पहिलं गोगलगायीसारखं सरपटे, दुसऱ्याकडे वॉकर मागितला की ते बूट दाखवी. तिसऱ्याने मात्र पापणी लवायच्या आत आधाराचा वॉकर समोर ठेवला. तिने हुश्श केलं. मागून मालक म्हणाला, “झकास! आता कुणी काहीही शोधलं तरी पहिल्या नंबरला ट्रेडमिल येऊ द्या. गोदामात धूळ खात पडल्यात.” “अहो, मग हे इंजिन निवडलं कशाला?” “मॅडम, दुकान माझं आहे.” दातओठ खात तिने तसं करून टाकलं. संध्याकाळी आईचा फोन आला. “बाथरूममध्ये पडले गं, पायाला प्लास्टर आहे. तुला त्रास नको म्हणून तुझ्या साइटवर मघापासून वॉकर शोधतेय, पण ती मला पळायचं मशीन दाखवतेय. माझंच काही चुकतंय का?”