कनातीच्या दारात

लग्नसराई संपली आणि घाटकोपरच्या सहदेवने आपल्या वरातीच्या घोडीसकट पवई तलावाकाठी दोन दिवस मुक्काम ठोकला. वाजवल्याशिवाय घोडी पाऊल टाकत नसे, म्हणून बँडमधला चंदरही गळ्यात ताशा अडकवून आला. तंबू कुठला असायला, मांडववाल्याकडची लाल-पिवळी कनात चार बांबूंवर चढवली.

शेकडो नवरदेव मिरवले, पण बेचाळिशीतला सहदेव स्वतः कधी घोडीवर बसला नव्हता.

"बस ना आता. इथे बगळ्यांशिवाय कोण बघतंय?" चंदर म्हणाला.

सहदेव चढला. चंदरने ताशा धरला. घोडी ठुमकत निघाली ती थेट कनातीच्या दाराशी जाऊन थांबली. नवरदेवाला ओवाळून झाल्याशिवाय जागचं हलायचं नाही, ही तिची दहा वर्षांची सवय.

चंदरने दोनदा वाजवून पाहिलं, चुचकारून पाहिलं.

"उतर रे यार. आत रॉकेलचा स्टोव्ह आहे आणि कांदे आहेत. ओवाळायला कोण येणार?"

सहदेवने हाताने केस सारखे केले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "ती आजवर कधी चुकीच्या दारात थांबलेली नाही."