एकच ड्राफ्ट

अनुराधाच्या भावाने अमेरिकेतून भरलेल्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा नंबर अखेर लागला. अबुधाबीच्या बँकेत तिचा नवरा गुणवंत म्हणाला, "आपली दोघांची आणि दोन्ही मुलांची, चौघांची फी एकाच ड्राफ्टने पाठवू. वेगळे काढले तर कमिशनचे पंचाहत्तर दिरहम जास्त. म्हणजे जवळजवळ हजार रुपये."

दोन महिन्यांनी सगळे अर्ज परत आले. प्रत्येकाच्या फीचा ड्राफ्ट वेगळा हवा होता.

दोघं पुन्हा त्याच काउंटरवर गेले.

"चार ड्राफ्ट ना, साब?" क्लार्कने विचारलं.

थोरल्या मुलीला, ईशानीला, गेल्याच आठवड्यात एकवीस वर्षं पूर्ण झाली होती. अमेरिकेच्या नियमाने आता ती आईबापांच्या अर्जात बसत नव्हती.

"तीन," अनुराधा म्हणाली.

क्लार्क हसला. "चलो, एक का कमिशन बच गया."