आतला खिसा

कॅन्सर झालेली प्रोस्टेट ग्रंथी काढून शिंपीमास्तर घरी आले, ते लघवीची नळी आणि पिशवी घेऊनच. नळी काढायचा दिवस उजाडला तरी ते अडून बसले. "पिशवी हातात धरून गल्लीतून जाऊ? गिऱ्हाइकं काय म्हणतील?" "ढगळ पॅन्ट द्या इकडे," बायको म्हणाली. चाळीस वर्षं दुकानात तिने फक्त काजबटणं केली होती. आज ती मास्तरांच्या मशीनवर बसली आणि गुडघ्यापाशी आतून खिसा शिवून मोकळी झाली. शिलाई सापासारखी वाकडी होती. मास्तरांचा हात सवयीने कात्रीकडे गेला आणि तसाच मागे आला. दवाखान्यात शेजारच्या पेशंटने आपली पिशवी टॉवेलखाली झाकत विचारलं, "तुमची कुठंय?" मास्तरांनी गुडघा थोपटला. "आतल्या खिशात." "वा! शिंपी कोण तुमचा?" मास्तरांनी बायकोकडे बोट दाखवलं. "मास्तर या आहेत. मी यांच्या हाताखाली काजबटणं करतो."