मातीचे कान

ग्रीकांचा वैद्यदेव अस्क्लेपिओस सगळ्या आजाऱ्यांचं ऐकायचा. आता त्याच्या देवळाचे नुसते दगड उरलेत, आणि बऱ्या झालेल्यांनी वाहिलेले मातीचे कान संग्रहालयाच्या काचकपाटात कुलूपबंद आहेत.

पहारेकरीण पोलिक्सेनीचा डावा कान पार गेला होता. साहेबांना कळलं तर नोकरी जाणार, म्हणून काल काच पुसताना ती पुटपुटली होती, "माझंही बघ की रे बाबा."

आज सकाळी तिला त्या कानाने बाहेरच्या पाइनच्या झाडावरच्या किड्यांची किरकिर स्वच्छ ऐकू आली. आणि कपाटात एक नवा कान दिसला, तिच्या डाव्या कानासारखाच, पाळी फाटलेला.

"स्तामाती, हा कुणी ठेवला रे?"

सोबतचा पहारेकरी तिच्या डाव्या कानाशी वाकला. "कोण ठेवणार, बाई? साहेबांनी किल्ली हरवल्यापासून कपाट उघडलंय कुठे? बोलू नका कुणाला, त्यांची नोकरी जायची."