बाबांच्या वाट्याचं ऊन

"इंगळेवहिनी, तुमचे सांडगे माझ्या उन्हात वाळताहेत!" बाबा गच्चीवरून ओरडले. भाडेकरूच्या वाट्याच्या सौर पॅनलवर घरमालकीणबाईंनी खुशाल परात ठेवली होती.

"गच्ची माझी, मग ऊन तुमचं कसं हो?"

"कायद्यानं! ह्या पॅनलची वीज माझ्या नावावर आहे. उद्या घर सोडलं तरी हे ऊन माझ्या मागोमाग येणार."

जिन्यात उभ्या असलेल्या वृंदाला शरमल्यासारखं झालं. "बाबा, उन्हासाठी कसले भांडता?" ते नुसते हसले आणि परात अलगद उचलून बाजूला ठेवून आले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

मिरजेचं ते घर सोडून वृंदा साताऱ्याला भाड्याच्या खोलीत आली. "ऊन आणलंत ना तुमचं?" नव्या घरमालकांनी गॅसची चौकशी करावी तसं विचारलं. बाबांचा वाटा वारसाहक्कानं तिच्या नावावर झाला होता. तिनं बटण दाबलं आणि मिरजेच्या उन्हावर साताऱ्यातला पंखा फिरू लागला.

एका दुपारी तो मंदावला. फोनवर पाहिलं तर मिरजेत लख्ख ऊन होतं. वृंदाला एकदम हसू आलं. तिनं फोन लावला.

"इंगळेकाकू, पॅनलवर सांडगे घातलेत का?"

"अगं बाई! कुणी ओरडलंच नाही गं, म्हणून ठेवले तिथंच. थांब, उचलते." काकूंचा आवाज ओला झाला होता.

पंख्यानं वेग घेतला. रिकाम्या खोलीत वृंदा मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तुमचंच बरोबर होतं. उन्हासाठी भांडायलाच हवं."