दहा बाय पंधराचा फ्लेक्स

गाडी हायवे सोडून मोहोळात शिरली तरी महिपतीचं तोंड काही बंद झालं नव्हतं. मुंबईच्या विमानतळापासून सात तास तो एकच दळण दळत होता. सिंगापुरात असताना खात्यातले साडेचार लाख गेले, आणि घरचं कुणी फितूर झाल्याशिवाय असे पैसे जात नसतात. घरचं कुणी म्हणजे कोण, हेही त्यानं ठरवून टाकलं होतं. सून, उत्कर्षा.

मागच्या सीटवर त्याची बायको मथुराबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ऐकून ऐकून तिच्या डोक्याची शीर ठणकत होती. गाडी चालवणारा पुतण्या ऋतुराज मधूनमधून "व्हय तात्या" एवढंच म्हणत होता.

"त्या फोनवाल्याला माझं नाव ठाऊक. सिंगापुरात हाय ते ठाऊक, अकरा तारखेपतूर हाय ते बी ठाऊक. बँकेतला माणूस असल्याबिगर एवढं कसं बोलंल? म्हणून मी मेसेजातला आकडा सांगितला. कुणीबी सांगितला असता. पर ही माहिती पुरवली कुणी? जायच्या आदी माझा मोबाईल कुणाच्या हातात हुता?"

मोबाईल उत्कर्षाच्या हातात होता, ते खरंच. परदेशात कार्ड चालावं म्हणून तिनंच सगळं लावून दिलं होतं. वर एक कागद लिहून पासपोर्टच्या पाकिटात घातला होता. हॉटेलच्या वायफायवर बँकेचं ॲप उघडू नका. कुणाचाही फोन आला तरी मेसेजमधला आकडा सांगू नका. कुठं चाललो, कधी येणार, हे सांगत फिरू नका. महिपतीनं तो कागद वाचला आणि "आता सुनंनं मला शिकवायचं व्हय," म्हणून हसण्यावारी नेला. पैसे गेल्यावर मात्र त्यानं हॉटेलातूनच भावकीच्या ग्रुपवर दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून टाकलं, की मी घरात चोर पोसलाय. ते बोलणं फिरत फिरत नातेपुत्याला, उत्कर्षाच्या माहेरी पोचलं. चार दिवस झाले, ती लेकराला घेऊन तिकडं निघून गेली होती. सासूचाही फोन उचलत नव्हती.

चौकात उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आणि गाडी थांबली. मथुराबाईनं सहज वर बघितलं, तर वर तिचा नवरा. दहा फूट उंच, पंधरा फूट रुंद फ्लेक्स. त्यावर कोट घातलेला, गॉगल लावलेला, हात जोडून उभा महिपती, आणि मागं विमान.

"ऋतुराज, गाडी बाजूला घे."

"आता काय झालं?" महिपती म्हणाला.

"वाचायचंय मला."

ती दार उघडून उतरली. सिंगापूरला जायच्या दिवशी ते दोघं पहाटे निघाले होते, फ्लेक्स नंतर लागला होता. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं. चौथी शिकलेली मथुराबाई एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागली.

"आमचे मार्गदर्शक महिपती तात्या यांना सिंगापूर दौऱ्याबद्दल हार्दिक शुभेच्छा. दिनांक चार ते अकरा."

खाली मोबाईल नंबर होता. तोही तिनं सगळा वाचला. पानपट्टीवरची माणसं बोलायची थांबून इकडं बघायला लागली.

"कुणी लावलं हे?"

ऋतुराज खाली उतरला होता. तो चाचरला. "मीच, काकी. पर मजकूर तात्यांनी सांगितला. नंबर बारीक पडला हुता, तो मोठा करून घेतला. फोटो बी लई फिरला ह्याचा, सगळ्या ग्रुपवर."

"मग, गावाला कळाय नगं?" महिपती गाडीतूनच गुरगुरला. "आपल्या घरात पयल्यांदा कोण इमानात बसलं? सगळीच लावत्यात की."

मथुराबाईनं सात तास दाबलेला राग आता बाहेर आला.

"त्या भामट्याला घरात चोर कशाला लागतोय वो? तुमी सगळं चव्हाट्यावर टांगून गेलाय. नंबर तुमचा, तारीख तुमची. आकडा बी तुमीच सांगितला, माझ्या म्होरं, चहा पीत. आन चोर ती? पैकं गेलं तर जाऊ द्या, पैकं परत येत्यात. घरची लक्ष्मी लेकरू घिऊन निघून गेली, ती कशी आणायची?"

महिपती उतरला. फ्लेक्सकडं बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे आता. रस्त्यात तमाशा नगं. घरी गेल्यावर फोन लावतो तिला. मिटवून टाकू."

"कानात मिटवणार व्हय? चोर म्हणताना अख्खी भावकी गोळा केली हुती."

ऋतुराज मध्येच म्हणाला, "काकी, मी आत्ताच उतरवून घेतो हा."

"उतरव. आन उद्या दुसरा लाव. ह्याच जागी, ह्याच मापाचा. लिव, की मी माझ्या सुनंला चोर म्हणलो, माझं चुकलं, पदरात घ्या. खाली ह्यांचं नाव टाक. नंबर तेवढा घालू नगं."

"मथुरे," महिपती दरडावून म्हणाला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ऋतुराजनं मान खाली घालून विचारलं, "आन फोटो कुठला घालू, काकी?"

मथुराबाईनं पुन्हा एकदा वर बघितलं.

"ह्योच ऱ्हाऊ दे. हात जोडलेलंच हायत."